आप्पांची कवळी

मंडळी, आज अंबरनाथला सासऱ्यांच्या पाठीवरची गाठ काढली. गुंगी देणार म्हणून आप्पा सकाळपासून उपाशी होते, कुरकुर नाही. पण सिस्टर म्हणाली, "बाबा, कवळी काढा, गुंगीत घशात जाईल," तर ऐकेचनात.

सुनेसमोर बोळकं तोंड दाखवायचं नव्हतं.

"आप्पा, मी बाहेर थांबते," म्हटलं, तेव्हा कुठे काढली.

तासाभराने आत बोलावलं. अजून झापड होती, कवळी इतक्यात द्यायची नव्हती. मला बघताच त्यांनी तोंडावर हात धरला. मी नुसती शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने हात खाली आला.

"सूनबाई, चहा कधी देतील गं?"

उपाशी राहायचं आधी सांगितलं होतं, कवळीचं कुणीच नाही. तुमच्याकडे कुणाचं ऑपरेशन असेल तर आदल्या दिवशी घरीच हळूच "कवळी आहे का?" असं विचाराल ना?