शेवटची सोळा पानं

जामखेडला वडिलांचं छोटं वाचनालय होतं. रहस्यकथा नेलेला माणूस ती महिना महिना परत करत नसे, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. प्रत्येक पुस्तकाची शेवटची सोळा पानं सोडवून ते काउंटरवर ठेवत. पुस्तक परत आणा, स्टुलावर बसा आणि फितूर कोण ते इथंच वाचा. दुपारी ते जेवायला घरी गेले की काउंटरवर आई बसायची.

एका हेरकथेची पानं नेमकी तिच्या वेळेत गेली. तिनं ती माहेरच्या कुणाला तरी दिली, असं वडिलांनी ठरवूनच टाकलं आणि मरेपर्यंत टोमणे मारले. आई देवाशपथ नाही म्हणायची. मी बापाच्याच वळणावर गेलेला, त्यामुळे माझाही तिच्यावर पुरता विश्वास नव्हता.

आता आम्ही नगरला राहतो आणि मी असली पुस्तकं जमवतो. कागद हात लावला की तुटतो, मुखपृष्ठावरच्या बाईच्या पिस्तुलाला घोडाच नसतो, तरी जमवणारे जीव टाकतात. कारण त्या काळी ही कुणी जपलीच नाहीत, फरसाण बांधण्यात गेली. आमची जमात मोठी संशयी. पाहुणा आला की मी त्याची पिशवी दाराशीच ठेवायला लावतो.

त्या अर्धवट हेरकथेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, तर काष्टीहून एका म्हाताऱ्याचा फोन आला. “पुस्तक नेत न्हाई, नुसतं बघतो.” नुसतं बघणारे मला चांगले ठाऊक आहेत.

तो आला, पण पिशवी काही सोडेना. मी पुस्तकावर हात ठेवूनच बसलो. त्यानं वाचनालयाचा शिक्का निरखून पाहिला आणि पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पानं काढली. मी आधी शिवणीची भोकं जुळवून पाहिली. जुळली.

“तवा मी तिकडं सडकेच्या कामावर मुकादम हुतो,” तो म्हणाला. “स्टुलावर वाचत बसल्तो. बाई आत पानी प्यायला गेल्त्या. येष्टी सुटाय लागली, तसाच पळालो, पानं हातातच. मग तुमच्या वडलांच्या धाकानं परत यायचं धाडसच झालं न्हाई.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं एक खुर्ची उचलली, भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोसमोर ठेवली आणि म्हाताऱ्याला तिथं बसवलं.

“आता परत सांगा,” ती म्हणाली. “जरा मोठ्यानं.”

आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तूही बस इथं.”