काटेसाहेब आणि शेजारची हिरवळ

बागेत सगळे त्यांना काटेसाहेब म्हणत. नव्या माणसाला ते आडनावच वाटे, आणि तेही कधी चूक सुधारत नसत. एरवी माळ्याला ‘साहेब’ कोण म्हणतं? शहरातल्या मोठ्या बागेतला निवडुंगाचा वाफा एकोणीस वर्षं त्यांच्याकडे होता. लांबट, कडेने दगड लावलेला, वाळू आणि खडीने भरलेला. लोकांना वाटे, निवडुंगाला काय करायचं असतं? पाणी नाही, छाटणी नाही, नुसता फुकटचा पगार. अशा माणसाच्या हातात काटेसाहेब चिमटा ठेवत आणि म्हणत, "त्या दोन काट्यांमधली हरळी काढून दाखवा. मुळासकट. मग बोलू."

तिथे खुरपं चालत नसे आणि हात घालावा तर सोलून निघे. जुन्या करवतीचं पातं वाकवून त्यांनी हातभर लांबीचा चिमटा स्वतःच केला होता. हनुवटी जमिनीला टेकवून, श्वास रोखून ते एकेक काडी ओढत. हरळीचा पेरभर तुकडा जरी मागे राहिला, तरी आठवड्यात ती पुन्हा संसार थाटे. लव्हाळा त्याहून डांबिस. वरचं पातं मुकाट्याने हातात देई आणि गाठ खाली ठेवून घेई.

वाफ्याला लागूनच हिरवळ होती, आणि ती सांभाळत होता त्यांचा सख्खा मेव्हणा. दोन वर्षांपूर्वी त्याला नोकरीला चिकटवलं होतं काटेसाहेबांनीच. "माझ्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला," ते घरी म्हणत.

"तो धोंडा माझा भाऊ आहे, जरा हळू बोला," बायको म्हणे.

हिरवळीतली हरळी दगडांखालून सरपटत वाफ्यात येई. काटेसाहेब म्हणत, "तुझं गवत आवर." मेव्हणा म्हणे, "भावोजी, गवत वाढवायचाच तर पगार मिळतो मला." दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटेना. प्रकरण बागेच्या अधीक्षकांकडे गेलं. "घरचं भांडण घरी मिटवा," म्हणून त्यांनी हात झटकले. मग अबोला सुरू झाला. दिवसभर दोघं पाच हातांवर काम करत आणि निरोप मात्र काटेसाहेबांच्या बायकोमार्फत पाठवत.

एका दुपारी मेव्हणा जेवायला गेलेला पाहून काटेसाहेबांनी तणनाशकाची बाटली आणि रंगाचा ब्रश बाहेर काढला. फवारलं तर निवडुंगही जातील, म्हणून वाफ्यात ते औषध ब्रशनेच एकेका पात्याला लावत. आज मात्र त्यांची नजर पलीकडे होती. हिरवळीच्या कडेचा वीतभर पट्टा मारला की हरळीची वाटच बंद. कोणी विचारलं तर ‘रोग पडला’ म्हणायचं, हे उत्तरही तयार होतं.

उकिडवे बसून त्यांनी चार हात पट्टा रंगवला. तेवढ्यात चमचा विसरलेला मेव्हणा परत आला.

"अहो भावोजी!"

काटेसाहेब दचकून उठले, मागे सरले, टाच दगडाला अडली आणि ते फड्या निवडुंगावर बसले. पडले नाहीत. खुर्चीवर बसावं तसे व्यवस्थित बसले.

फड्याचे मोठे काटे निदान दिसतात तरी. बारीक कुसळं दिसतही नाहीत आणि निघतही नाहीत. मेव्हण्याने त्यांना अवजारांच्या खोलीत नेलं आणि खताच्या पोत्यांवर पालथं घातलं. प्रथमोपचाराच्या पेटीत नुसता कापूस निघाला. राहिला तो हातभर चिमटा.

"हलू नका."

"मी हलत नाहीये. तुझा हात हलतोय."

मेव्हण्याने एकेक कुसळ उपटायला सुरुवात केली. मग मेव्हण्याने विचारलं, "माझ्या हिरवळीला काय लावत होता?"

"औषध."

"कशाचं?"

"मरायचं."

चिमटा थांबला. अर्धीअधिक कुसळं अजून आत होती.

"चुकलं माझं," काटेसाहेब पोत्यात तोंड खुपसून म्हणाले. बायकोनेही त्यांच्या तोंडून हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं.

मेव्हणा विरघळला. "माझंही एक चुकलंय, भावोजी. रोज सकाळी फवारा लावतो ना, त्याचं तोंड थोडं तुमच्या वाफ्याकडे वळवतो."

"का?"

"बिचारे तहानलेले दिसतात हो."

काटेसाहेब ताडकन उठायला गेले आणि तितक्याच ताडकन पुन्हा पालथे झाले. "दोन वर्षं! दोन वर्षं मी त्याला दव समजत होतो! अरे, म्हणून तर गवत माजलं!"

"आपल्या माणसाचा वाफा म्हणून केलं," मेव्हणा रडवेला होऊन म्हणाला.

यावर काटेसाहेबांना हसू फुटलं. पोती गदगदा हलायला लागली.

"हलू नका म्हटलं ना!"

आठवडाभर त्यांनी डबा उभ्यानेच खाल्ला. हिरवळीचा चार हात पट्टा पिवळा पडला, तेव्हा अधीक्षकांना "रोग पडला" असं सांगितलं ते मेव्हण्याने. मग दोघांनी मिळून हिरवळ आणि वाफा यांच्यामध्ये गुडघाभर खोल चर खणला, त्यात जुन्या छपराचे पत्रे उभे गाडले, फवाऱ्याचं तोंड फिरवलं आणि वाफ्यात चार बोटं खडी पसरली. पत्रा किती वर ठेवायचा यावरून दोन दिवस वाद झाला, पण समोरासमोर झाला.

आत उरलेली हरळी चिमट्याने काढता काढता वर्षभरात संपली. लव्हाळा मात्र गेला नाही. तो कुठून आला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काटेसाहेब रोज हनुवटी टेकवून तो उपसत राहिले.

"हल्ली घरी आल्यावर गप्प गप्प असता," बायको एकदा म्हणाली.

"काय बोलणार? हरळी संपली."

"आणि लव्हाळा?"

"तो आहे. पण त्यात कुणाची चूक नाही."

हे त्यांनी इतकं हळहळून सांगितलं, की तिने ताट वाढायचं सोडून आधी भावाला फोन लावला आणि त्याला रविवारी जेवायला बोलावलं. काही ना काही भांडण निघेलच, याची तिला खात्री होती.