भट्टीसोबत गेलेला काका

काका ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर होता. गटारांची लोखंडी झाकणं ओतायचा आणि ती बोटीने परदेशात जायची. बोलण्याच्या बाबतीत मात्र आनंदच. काकू म्हणायची, "यांच्या तोंडातून शब्द काढायला पकड लागते."

मग झाकणं घेणाऱ्या देशाच्या सरकारने नियम काढला. माल बनवताना किती धूर सोडला ते दाखवा, जास्त असेल तर जास्त कर भरा. झाकणं तिथे महाग पडू लागली. मालकांनी विजेची भट्टी आणली आणि जुनी कोळशाची विकून टाकली. घेणारा कारखाना तिसऱ्याच देशात होता. तिथे धूर कोणी मोजत नव्हतं.

जुनी भट्टी थंड झाली की आतल्या विटा तडकायच्या, म्हणून सुट्टीच्या दिवशीही तिला धगधगती ठेवायचे. ती विझवायच्या दिवशी मी काकाचा डबा घेऊन गेले होते. सगळे तिच्यापुढे उभे. निखारे मंदावले, आणि काकाने सवयीने फावडंभर कोळसा आत लोटला.

"अरे दादा, विझवायचीय ना ती!" मुकादम ओरडला. सगळे खो खो हसले. काका हसला की नाही, मला कळलं नाही.

विजेच्या भट्टीला माणसं कमी लागणार होती. मालक काकाला म्हणाले, "जुन्या भट्टीबरोबर जा, तिथल्या लोकांना शिकव. परत आलास की इथली जागा तुझी." इकडे डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला बजावलं होतं. त्याची छाती आधीच पोखरलेली.

"नाही म्हणा की," काकू म्हणाली.

"आणि घरी बसू?"

संपली चर्चा. मला राग यायला हवा होता. आला नाही. घरात कोणालाच काही वाटेनासं झालं होतं. काकूने बॅग भरली.

काका गेला. आमच्या गल्लीतल्या खिडक्या उघड्या राहू लागल्या. दोरीवरचे कपडे संध्याकाळी पांढरेच निघायचे. हवा सुधारल्याबद्दल कारखान्याला बक्षीसही मिळालं.

एका रविवारी फोन आला. "पेटली एकदाची," काका म्हणाला. फोनमधून खोकल्याची उबळ ऐकू येत होती, थांबतच नव्हती.

"अहो, किती खोकताय! औषध घेताय ना?" काकूने विचारलं.

"मी नाही. माझ्या हाताखालचा माणूस आहे. चांगला तयार होतोय," काका म्हणाला. "हा तयार झाला की मी सुटलो."