मागच्या सीटचा सुती दोरा

गाडीची सीट शिवायला आलेल्या माणसाला मी रंग नंतर विचारतो. आधी विचारतो, गाडी किती वर्षं ठेवणार? लोक चिडतात. सीट शिवायला आलोय, गाडी विकायला नाही, असं एक जण तोंडावर म्हणाला होता. पण दोरा त्यावरच ठरतो. मोलगीच्या घाटात चालणारी जीप असेल तर तिच्या सीटवर माणसं, कोंबड्या, धान्याची पोती असं सगळं एकमेकांच्या मांडीवर बसून जातं. तिथे जाड नायलॉनचा दोरा आणि एकवीस नंबरची सुईच लागते. गाडी लवकर विकायची असेल तर हलका दोराही चालतो, दिसायला छानच दिसतो. सुईचंही तसंच. बारीक सुईत जाड दोरा घासून तुटतो, आणि पातळ रेग्झिनला जाड सुई लावली तर टाक्यांच्या भोकांवरूनच ते फाटत जातं. हे सांगायला लागलो की गिऱ्हाईक मोबाइल काढून लाल दोऱ्याच्या चौकटी पाडलेल्या सीटचा फोटो दाखवतं. मग मी गप्प बसतो. मी आयुष्यात कधीच गप्प बसलो नाही, असं माझ्या बायकोचं म्हणणं होतं.

अक्कलकुव्यात आमचं दुकान म्हणजे घराचाच ओटा. लग्न होऊन आली तेव्हापासून बॉबिनी भरायचं काम तिच्याकडे. दोरा बोटांतून सुटताना तो कसला आहे, ताजा आहे की दुकानात पडून राहिलेला, हे तिला न बघता कळायचं. मी कधी हलका माल आणला की ती बॉबीन रिकामीच माझ्यापुढे ठेवायची. "तुम्हीच भरा. माले लाज वाटस," म्हणायची. गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, याचा मला राग यायचा.

मग तिची पाठ दुखू लागली. पुष्कळ दिवस मलम चोळण्यात गेले आणि शेवटी दुखणं मणक्यात निघालं. खापर गाव सोडलं की गुजरात लागतो, तिथून पुढे काही तासांवर मोठं हॉस्पिटल. गल्लीतल्या एका पोराची भाड्याची गाडी होती, तोच चालवायचा. तिला बसवत नव्हतं, म्हणून मागची सबंध सीट तिला दिली होती. ती आडवी व्हायची आणि मी पुढे त्याच्या शेजारी. पहिल्याच फेरीला घरी उतरताना ती मला हळूच म्हणाली, "हाई शिलाई पाठले टोचस."

ती सीट मीच शिवली होती. नायलॉनच्या दोऱ्याचं टोक आम्ही काडी लावून जाळतो. ते वितळून त्याचा बारीक मणी होतो आणि मग टाका उसवत नाही. बसणाऱ्याला तो मणी कळतही नाही. तिला मात्र दर खड्ड्याला कळत होता. वर गोधडी अंथरून पाहिली. ती वळणावर सरकायची आणि तिच्याबरोबर हीसुद्धा.

मी नंदुरबारला दोरेवाल्या चाचांकडे गेलो. टोचणार नाही असा दोरा द्या म्हटलं. त्यांनी पुढ्यात रिळं मांडली. एकेक दोरा मी चिमटीत फिरवला, मग मनगटाच्या आतल्या बाजूवरून ओढून पाहिला. सुती दोरा ओढला तेव्हा काहीच लागलं नाही. त्याच्याबरोबर सोळा नंबरच्या गोल टोकाच्या सुया मागितल्या. चाचांनी चष्मा काढला.

"सुती? गाडीले? कितला दिन टिकाले पायजे?"

रोज मी लोकांना विचारतो तोच प्रश्न. उत्तर मला माहीत होतं. डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून ते सांगितलं होतं आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, तिला तर नाहीच. "द्या तुम्ही," एवढंच म्हणालो. येताना बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन मी रडलो. शेजारच्या बाईने खिडकीकडची जागा दिली.

घरी आल्यावर रीळ मशीनवर ठेवलं आणि मनात म्हटलं, बॉबिनी आपणच भरून टाकाव्यात. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "द्या माले." हातात काहीतरी असलं की तिला बरं वाटायचं. मी बॉबीन भरायचं छोटं यंत्र तिच्या उशाशी लावून दिलं. दोरा बोटांतून सुटू लागला आणि तिचा हात थांबला.

"सुती शे."

"हां."

"ऊनमा सडी जाई हाऊ. वरीसबी निघाव नही."

"सडी जाई ते परत शिवसू. तुले टोचाव नही, बस."

तिने माझ्याकडे पाहिलं. गाडी किती वर्षं ठेवणार, हे मी लोकांना विचारताना ती ओट्यावर बसून ऐकत आली होती. मी मशीनच्या स्क्रूशी उगाच खेळत राहिलो. तिला कळलं, आणि तिला कळलं हे मलाही कळलं. डब्यातल्या सगळ्या बॉबिनी तिने भरल्या, नेहमीसारख्या घट्ट आणि सारख्या. त्या गोष्टीवर आम्ही पुढेही कधी बोललो नाही.

मागच्या सीटचं रेग्झिन काढून मी कापड लावलं. कडांना पाइपिंगचा जाड गोट दिला नाही, टोकांना हाताने गाठी मारल्या आणि त्या आत दडवल्या. पुढच्या फेरीला खापर मागे पडलं आणि तिला झोप लागली. गाडीवाल्याने आरशात पाहिलं आणि गाडी हळू केली. हॉस्पिटलच्या दारात जाग आल्यावर म्हणाली, "बरं शिवं." इतक्या वर्षांत तिने माझ्या कामाला बरं म्हटलेलं मला दुसरं आठवत नाही. आणखी थोड्या फेऱ्या झाल्या, मग डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. थंडी सुरू व्हायच्या आत ती गेली.

यंदा, ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, गाडीवाल्याने गाडी ओट्याशी आणून लावली. खिडकीच्या बाजूची शिलाई सडून फोम बाहेर आला होता. ती म्हणाली होती तसंच झालं, फक्त तिने धरलं होतं त्यापेक्षा दोरा जास्त टिकला. "काका, आते पक्का दोरा लावा," तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. मी सीट काढून जुना दोरा उसवला. बोटांत त्याचा भुगा होत होता. तो कुठे टाकावा सुचेना, म्हणून शर्टाच्या खिशात ठेवला. मग नायलॉन लावला, एकवीस नंबरची सुई लावली आणि शिवून काढलं. टोक जाळायला काडी पेटवली आणि फुंकून विझवली. गाठ मारली आणि दाभणाने आत सारली. गाडीवाल्याला भाडं होतं, तरी तो थांबला.

सीट गाडीत बसवल्यावर मी पाय दुमडून तिच्यावर आडवा झालो. इथे मी कधी झोपलो नव्हतो. वर छताचं कापड होतं, तेही मीच लावलेलं. दिव्यापाशी त्याची शिलाई वाकडी गेली होती आणि एक दोरा लोंबत होता. रिकामी बॉबीन पुढ्यात ठेवणाऱ्या माझ्या बायकोने जाताना-येताना तासन् तास तो पाहिला होता आणि मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. खिडकीतून विजेच्या तारा आणि आभाळ दिसत होतं. पुढे बसलेला माणूस तिथून दिसत नाही.

गाडीवाला दार धरून उभा होता. "टोचस का, काका?"

"नही," मी म्हटलं. "आते नही टोचस."