अक्काचे उन्हाळी खडू

अक्का गेली तेव्हा मी भट्टीपाशी होते. नरडाण्याच्या एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे, तिथे लहान मुलांचे मेणखडू बनतात. कढईत लाल मेण ओतायला तयार होतं आणि धुळ्याच्या दवाखान्यातून पुतण्याचा, नीलेशचा फोन आला, "काकू, आई गेली." कामावरच्या बायका म्हणाल्या, ताई, तुम्ही निघा. मी निघाले नाही. आधी ते मेण साच्यांत ओतलं, कढई पुसली, मगच गाडीत बसले. मेण कढईत थिजलं आणि पुन्हा तापवलं की रंग मळतो, आणि मळका लाल अक्काला कधी खपला नाही. दहाव्याला ही गोष्ट गावभर झाली. "जाऊ मेली तरी हिचे रंग सुटले नाहीत," असं म्हणणाऱ्यांना मी तोंडावर सांगितलं, हो, नाही सुटले. रडायचं ते मी गाडीत रडून घेतलं. तुम्हाला दाखवून रडायचं राहिलं असेल, तर ते राहूच द्या.

अक्का माझी थोरली जाऊ. तिला जाऊन महिना उलटला, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण चहा पिता पिता एकच विचारतो, "मग, आता बंद करणार ना?" नीलेशचंही तेच. तो पुण्याला नोकरी करतो. कांद्याच्या गोदामासाठी गाळा भाड्याने घेणारा माणूसही त्याने शोधून ठेवला. पोरगा वाईट नाही, माझ्या काळजीपोटीच बोलतो. "काकू, आई होती तोवर ठीक होतं. तू एकटी काय काय बघणार?" काय काय म्हणजे काय? जे आजवर बघितलं तेच. अक्काने उभं केलेलं काम माझ्या हातून मरावं, हे मला मंजूर नाही.

आणि हा सगळा खटाटोप त्याच्यामुळेच सुरू झाला, हे तो विसरतो. तो शाळेत असताना त्याच्या मामाने मुंबईहून रंगखडूंची पेटी आणली होती. आमचं गाव दोंडाईच्याजवळ. वैशाखात ती पेटी पत्र्याच्या खोलीत राहिली आणि सगळ्या खडूंचा मिळून एक गोळा झाला. पोराने रडून घर डोक्यावर घेतलं. मामा म्हणाला, "तुमच्याकडचं ऊनच तसलं, त्याला खडू काय करणार?" अक्काला ते झोंबलं. शिकलेली सातवी, बोलणं पक्कं अहिराणी. म्हणाली, "ऊन आठेच ऱ्हाई. खडू बदलाले पाह्यजे." ऊन काही इथून हलणार नव्हतं, मग चुलीवर मेणबत्त्या वितळायला लागल्या. त्यात कधी गेरू, कधी नीळ, कधी हळद. हळदीचा रंग उन्हात उडून जायचा, निळीचा धड उमटायचाच नाही. सासूबाई म्हणायच्या, या घरातली रंगपंचमी काही संपत नाही. पुढे जळगावच्या एका मेणवाल्याकडे कडक मेण मिळालं, शंखजिऱ्याची पूड किती घालायची ते चुकत चुकत कळलं. आमचे दोघींचे नवरे हसत होते. त्यांचं हसून होईपर्यंत गाळा आम्हा दोघींच्या नावावर झालेला होता.

धुळ्याच्या आग्रा रोडवरचा एक दुकानदार आमची पेटी उघडूनही बघेना. "अक्का, नरडाण्याचा खडू कोण घेणार? लोकांना नाव लागतं." अक्काने वाद घातला नाही. त्याच्याच कपाटातला एक नावाजलेला खडू घेतला, आपला एक घेतला, आणि दोन्ही पायरीच्या कडेला भर उन्हात असे ठेवले की निम्मे बाहेर राहावेत. मागच्या टोकांवर दगड ठेवला. मग आत येऊन बसली आणि म्हणाली, "भाऊ, चहा सांग." चहा येऊन, पिऊन होईपर्यंत त्याच्या खडूने मान टाकली. आमचा होता तसाच. दुकानदार म्हणाला, माल ठेवून जा.

तिची फजितीही सांगते. उन्हात टिकावा म्हणून कडक केलेला खडू थंडीत कागद फाडायचा. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेतल्या बाईंनी कळवलं, मुलं चित्र काढत नाहीत, नांगरट करतात. अक्का शेतकऱ्याची बायको, तिने खडूचेही हंगाम पाडले. थंडीसाठी मऊ तो रब्बी, कडक तो उन्हाळी. खोक्यांवर शिक्केही तेच. झालं काय, मे महिन्यात आमच्या बायकांनी बोदवडच्या व्यापाऱ्याला रब्बीची खोकी भरून पाठवली. त्यांचा हिशेब सरळ होता. रब्बी निघून घरात आली, म्हणजे आता ती बाजारात जायची. बोदवडला पोचेस्तोवर आत ढेप झालेली. व्यापारी फोनवर वाट्टेल ते बोलला. मी बायकांवर तोंड सोडणार, तेवढ्यात अक्काने मला अडवलं, "त्यास्नं काय चुकनं? नाव ते मन्हंच शे." नाव तिनेच ठेवलेलं, म्हणून ती स्वतः बोदवडला गेली, ती ढेप परत आणली आणि विळीवर तिच्या कांड्या कापल्या. एकेका कांडीत पाच-सहा रंग. त्या शाळेत वाटल्या, तर मुलं साध्या खडूंना हात लावेनात. मग आम्ही मुद्दाम तसा खडू करायला लागलो. त्याचं नाव बठ्ठा, म्हणजे आमच्या बोलीत सगळा. त्या ढेपेला तेव्हा हसणाऱ्यांची पोरंही आज दुकानात तोच मागतात.

गेल्या आठवड्यात नीलेश आला तो रंगाऱ्याला घेऊनच. गोदामवाल्याला भिंती पांढऱ्या हव्या होत्या. भट्टीमागच्या भिंतीवर अक्का प्रत्येक घाण्यातल्या पहिल्या खडूची रेघ ओढून बघायची. ती ठेंगणी, त्यामुळे सगळ्या रेघा तिच्या हाताच्या उंचीवर, एकीवर एक, दाटीवाटीने. रंगाऱ्याने चुन्याचा एक हात मारला. चुना ओघळला आणि रेघा पुन्हा जशाच्या तशा दिसायला लागल्या. "मेणावर चुना धरत नाही," तो म्हणाला. "खरवडून काढावं लागेल."

मी खरवडायची पत्री आणली आणि नीलेशच्या हातात दिली. म्हटलं, तुझ्या आईची भिंत आहे, तूच खरवड. तो पत्री धरून उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, भट्टी पेटवली. मेण वितळलं, साच्यांत ओतलं. रंगारी कधी बादली उचलून गेला ते मला कळलंही नाही.

साच्यातून पहिला खडू निघाला, हिरवा. मी भिंतीवर रेघ ओढली. मी अक्कापेक्षा उंच, रेघ चांगली वीतभर वर गेली.

"काकू," नीलेश म्हणाला, "खाली ओढायची ना. आईच्या रांगेत."

त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले, कशाला लपवू...

"खाले जागा कोठे शे?" मी म्हटलं. "आते वरच जानं पडी."