बंबातली तेलुगू पानं

निमोण्यात आमचे शेजारी अजून पाण्याचा बंब पेटवतात. आज त्यांनी त्यात वहीचे कागद घातले. तो वास आला आणि मी पुन्हा दौंडला, आत्याच्या अंगणात जाऊन बसले.

आत्या मराठी, हिंदी आणि तेलुगूत कविता, नाटकं लिहायची. तेलुगू ती रेल्वे क्वार्टर्समधल्या शेजारणींकडून शिकली. मी लहान असताना एका संध्याकाळी तिनं नवं तेलुगू नाटक त्यांना वाचून दाखवलं होतं. ऐकता ऐकता त्या तिथंच बसलेल्या आत्याच्या नवऱ्याकडं, मामांकडं, बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या दळण आणायला गेली. मामांनी माझ्यापुढं तिच्या वह्या टाकल्या. "तुला वाचता येतंय तेवढं ठिव. बाकीचं घाल बंबात."

मी इमानानं पान न् पान बघितलं. मराठी, हिंदी बाजूला ठेवलं. गोल गोल अक्षरांची सगळी पानं जाळली. ती मामांनाही वाचता येत नव्हती. पण त्यांत काय लिहिलंय, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे मला आत्ता कळतंय.

आत्या परतली. उरलेली पानं चाळून तिनं बंबाकडं बघितलं.

"पानी तापलंय," मामा म्हणाले. "जा, आंघूळ करून घे."

ती न्हाणीत गेली. बादलीत पाणी पडल्याचा आवाज मात्र कितीतरी वेळ आला नाही.