डागावरची विभूती

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आम्ही सोलापुरात, शुक्रवार पेठेत राहत होतो. मी कॉलेजात होते. त्या उन्हाळ्यात आईच्या उजव्या हातावर, कोपराखाली, रुपयाएवढा डाग उठला. दुखत नव्हता, खाजत नव्हता. पिवळट पांढरा, चकचकीत आणि कडक. तिथली कातडी चिमटीत यायची नाही. दिवाळीपर्यंत डाग तळहाताएवढा झाला आणि मनगटाकडे सरकू लागला.

डॉक्टरांनी सांगितलं, कातडी घट्ट होण्याचा आजार आहे. मनगटावर आला तर हात वळणार नाही. खात्रीचं औषध नाही. अतिनील किरणांच्या दिव्याचा काहींना उपयोग होतो, करून पाहू.

घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, "मग भाकरी डाव्या हातानं थापायची का?"



दर सोमवारी मी निळ्या पेनाने डागाची कड आखायचे आणि मनगटाच्या हाडापर्यंतचं अंतर बोटांनी मोजायचे. आधी चार बोटं होतं. महिन्याने तीन.

दिव्याची खोली दवाखान्याच्या मागच्या बाजूला होती. दिवा लागला की जांभळट उजेड पडायचा आणि वीज कडाडल्यानंतर येतो तसा वास यायचा. दिवा चालवणारे गृहस्थ अक्कलकोटकडचे, आमच्यासारखेच घरी कन्नड बोलणारे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. आईला ते अक्का म्हणत.

"अक्का, हात असा पुढं करताय, जणू इस्त्रीला टाकायचाय."

"टाका की. सुरकुत्या न्हाईतच त्याला. आधीच कडक इस्त्री हाय."

आईला हसू आलं. मला आलं नाही.

सुरुवात अर्ध्या मिनिटाने झाली. दुसऱ्या दिवशी कातडी किंचित गुलाबी दिसायला हवी होती, म्हणजे मात्रा लागू पडली. ती गुलाबी होत नव्हती. डॉक्टरांनी वेळ वाढवायला सांगितली. एक मिनिट, दोन, चार. तरी डाग होता तसाच. मनगटापर्यंतचं अंतर दोन बोटांवर आलं.

एका गुरुवारी ते गृहस्थ रजेवर होते. त्यांच्या जागी आलेल्या नर्सबाईंनी ओल्या कापसाने आईचा हात पुसला, कार्डावर पाहून चार मिनिटं लावली. चार मिनिटं भरण्याआधीच आई "साकु, साकु," म्हणजे पुरे, पुरे, म्हणू लागली. नर्सबाईंना कन्नड येत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी दिवा बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी हातावर फोड आले होते.

डॉक्टरांनी फोड पाहिले, मग कार्ड पाहिलं. "इतके दिवस काही नाही आणि आज एवढं? हाताला काही लावत होता का?"

"काय न्हाई. विभूती तेवढी."

आई रोज पूजेनंतर कपाळावर आणि दंडावर पट्टे ओढायची. दिवा सुरू झाल्यापासून, किरणांना देवाचं बळ मिळावं म्हणून, ती डागावरही ओली विभूती लावत होती. पट्टे नव्हे, डाग पूर्ण झाकेल असा थर. वाळल्यावर तो डागाच्याच रंगाचा दिसायचा. अक्कलकोटच्या गृहस्थांनी तो रोज पाहिला होता. मीही पाहिला होता. आम्हा दोघांच्या लेखी विभूती ही अंगावर लावलेली वस्तू नव्हती.

डॉक्टर रागावले नाहीत. त्या थराने इतके दिवस किरणं अडवली, तो पुसल्यावर चार मिनिटं थेट कातडीवर पडली, आणि ही कातडी भाजली की भरायला वेळ लागतो, एवढं म्हणाले. तीन आठवडे दिवा बंद राहिला. त्या काळात मी पेन हातात घेतलं नाही. मोजायची भीती वाटत होती.

पुन्हा अर्ध्या मिनिटापासून सुरुवात झाली. आईने विभूती सोडली नाही. डबी रुमालात बांधून न्यायची, दिवा झाला की बाहेरच्या बाकावर बसून लावायची. तिसऱ्या दिवशी डाग पहिल्यांदा गुलाबी झाला. अक्कलकोटच्या गृहस्थांनी आईचा हात खिडकीशी नेऊन तो पाहिला. त्या दिवशी त्यांनी चेष्टा केली नाही.

नंतरच्या सोमवारी मी कड आखली. दोन बोटं. पुढच्या सोमवारी दोन बोटं. महिनाभर तेच. डाग दिव्याने थांबला की आपोआप, हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आई बाकावर बसून विभूती लावत राहिली, मी सोमवारी कड आखत राहिले.

एका सोमवारी नवी रेघ जुन्या पुसट रेघेवर तंतोतंत आली. खात्रीसाठी मी ती पुन्हा गिरवू लागले.

"पुरे की आता. तवा तापलाय," आई म्हणाली आणि हात ओढून पिठात घातला.